साडेसाती आणि साडेतीन शिट्ट्या

शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. ती बारा राशींत वाटली की एकेका राशीच्या वाट्याला अडीच वर्षं येतात. आपल्या आधीची रास, आपली रास आणि पुढची रास अशा तीन मुक्कामांची बेरीज म्हणजे साडेसाती. म्हणजे शनिमहाराजांना यायचं असतं आपल्याचकडे, पण ते आधी अडीच वर्षं शेजारी उतरून पाहणी करतात, आणि निघाल्यावरही अडीच वर्षं पलीकडच्या घरात राहून मागे काही शिल्लक राहिलं नाही ना ते बघतात. २९ मार्च २०२५ला शनी मीन राशीत गेला. माझी रास मेष. त्याच उन्हाळ्यात माझी नोकरी गेली आणि पावसाळ्याच्या तोंडावर आई मोरीत घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. माझा ज्योतिषावर फारसा विश्वास नाही. शनीचा माझ्यावर असावा.

तसंही महाराष्ट्राला पूर्णांकाचं वावडं आहे. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन, आणि त्यांतला अर्धा कोण, तर नाना फडणवीस! तेव्हा वरणाच्या कुकरला आमच्या आईने साडेतीन शिट्ट्या सांगाव्यात यात नवल नाही. तीन पुऱ्या होऊ द्यायच्या आणि चौथी तोंड उघडते न उघडते तोच गॅस बंद करायचा. पण त्याकडे नंतर येऊ.

'नोकरी गेली' असं कंपनी म्हणत नाही. ती 'पुनर्रचना' म्हणते. पुनर्रचनेनंतर टेबलं, खुर्च्या, कॉफीचं यंत्र आणि कुंडीतलं प्लॅस्टिकचं झाड जिथल्या तिथे राहतं. रचना बदलते ती फक्त आपली. माझी डोंबिवली पूर्वेच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात झाली. सकाळी लोकलसाठी पळणारी आता बायको एकटीच. मागे उरलो मी, पलंगावर आई, आणि ओटा.

अडचणीतल्या घरी भेटायला येणाऱ्यांचा माझा आता बराच अभ्यास झाला आहे. काही जण सल्ला घेऊन येतात. 'आता स्वतःचं काहीतरी सुरू कर.' हे काहीतरी म्हणजे नेमकं काय, ते विचारायचं नसतं. काहींना आपल्यापेक्षा मोठी संकटं ओळखीची असतात. नोकरीचा विषय काढला की त्यांच्या साडूचा अख्खा कारखाना बुडालेला असतो, खुबा म्हटलं की त्यांच्या आत्याबाईंचे दोन्ही खुबे गेलेले असतात. पण बहुतेक मराठी माणसं यांतलं काहीच करत नाहीत. ती चपला काढतात, पलंगाशेजारच्या खुर्चीत बसतात, पंख्याकडे बघत 'चालायचंच' म्हणतात, आणि उठता उठता पिशवीतून एक डबा काढून ओट्यावर ठेवतात. 'काही नाही हो, थोडी आमटी आहे.'

पहिल्या आठवड्यात आमच्याकडे इतकी थोडी थोडी आमटी आली की सोसायटीची गच्चीवरची टाकी भरली असती.

हे डबे वाचनीय असतात. भांड्यांच्या दुकानात 'नाव घालायचं का?' असं विचारून तो मनुष्य कर्रकर्र आवाज करत स्टीलवर जे कोरतो, त्यातून आपल्या घराण्यांचा इतिहास कपाटात सुरक्षित राहिलेला आहे. समोरच्या काकूंची आमटी 'वास्तुशांत १९९१' मधून आली. खालच्या मजल्यावरची कढी कुणाच्यातरी सेवानिवृत्तीनिमित्त मिळालेल्या बरणीत होती. आणि एका पातेलीवर तर चक्क 'कै.' पासून सुरुवात होती. अशा पातेलीतला शिरा खाताना माणूस आपोआप ताठ बसतो.

आता डब्याचा कायदा. आलेला डबा रिकामा परत जात नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो न पाळणाऱ्या घरांची नावं प्रत्येक इमारतीत तोंडपाठ असतात. सुखाच्या दिवसांत याचं काही वाटत नाही. संकटात मात्र त्याचा हिशेब फार चमत्कारिक होतो. घरात अडचण म्हणून लोक डबे देतात, डबे साचतात, आणि ते भरून परत करायचे म्हणून अडचणीतल्या घराला साऱ्या इमारतीचा स्वयंपाक करावा लागतो.

"ओट्यावर डबे किती झालेत?" आईने एके दिवशी पलंगावरून विचारलं.

मी आकडा सांगितला. तिने डोळे मिटून घेतले. हाड मोडलं तेव्हा ती इतकी कळवळली नव्हती. "लोक काय म्हणतील?"

"साखर घालून देऊ?" मी म्हटलं. हा जुना तोडगा आहे. काहीच नसलं तर डब्यात चमचाभर साखर घालून द्यायची.

"साखर एकदा चालते. सगळ्यांना साखर दिलीस तर यांच्याकडे चांगलं घडलंय की वाईट तेच कळणार नाही लोकांना. ऊठ, हरभऱ्याची डाळ भिजत घाल."

असा मी स्वयंपाकाला लागलो. मन रमावं, दुःख विसरावं, असलं काही डोक्यात नव्हतं. कर्ज फेडायचं होतं.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांनी त्याने मराठी सुनांना सासूच्या 'अंदाजा'पासून मुक्ती दिली. आमच्या घरी त्याची प्रत आहे. तिच्या समासात आईने पेन्सिलीने कमलाबाईंशी वर्षानुवर्षं वाद घातला आहे. 'गूळ जास्त.' 'आमच्यात घालत नाहीत.' एका पानावर फक्त 'नको'. मी पुस्तक उघडलेलं तिला पानांच्या आवाजावरून कळलं.

"पुस्तक मिट. मी काय मेले आहे का?"

त्यानंतर पलंग ते ओटा असा कारभार सुरू झाला. मधे एक भिंत. आईला ओटा दिसत नाही, पण तिला त्याची गरजही नाही. ती कानाने आणि नाकाने स्वयंपाक करते.

"मोहरी टाकलीस?"

"टाकली."

"मग बोलत का नाही ती?"

"तेल तापायचंय अजून."

"मग टाकलीस कशाला?"

मापांचा प्रश्न तर सुटण्यापलीकडचा. मीठ किती? लागेल तेवढं. किती लागेल? चव घेऊन बघ. घेतली, कमी आहे. मग घाल. पण किती? "साधं मीठ किती ते विचारावं लागतं तुला," आई म्हणाली, "आणि तू ऑफिसात कोट्यवधींची बजेटं करत होतास?" यापुढचं एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. आईची माया म्हणतात ती ही.

सकाळी अकरा वाजता इमारत कशी असते हे नोकरदार माणसाला ठाऊकच नसतं. इतकी वर्षं मी तिला फक्त रात्री ओळखत होतो. अकराला तिला कंठ फुटतो. सगळी स्वयंपाकघरं एकाच डक्टला लागून, आणि त्या डक्टमधून सगळ्यांचे कुकर एकदम बोलायला लागतात. एक लांब सूर लावतो, एक नुसता फुसफुसतो, पहिल्या मजल्यावरचा अर्ध्यात दम लागल्यासारखा थांबतो. कुकरचं शास्त्र तसं सरळ आहे. आत बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट दाब होतो, पाणी शंभराऐवजी १२० अंशांना उकळतं आणि डाळ लवकर मऊ होते. पण १२० अंश आपल्या डाळीला मिळाले की वरच्यांच्या, हे शास्त्र सांगत नाही. आई पलंगावर बोटांवर शिट्ट्या मोजायची आणि साडेतीनला ओरडायची, "बंद कर!" कुकर पडल्यावर उघडावा तर तूरडाळ वर्गातल्या ढ मुलांच्या ओळीगत ताठ बसलेली. दोन शिट्ट्या आमच्या, दीड तिसऱ्या मजल्याची. शेवटी मी आमच्या शिट्टीबरोबर "आपली!" अशी आरोळी द्यायला लागलो. काही दिवसांनी डक्टमधून वरच्या मजल्यावरच्या आजोबांचाही आवाज आला, "ही आमची!"

नव्वदी ओलांडलेला माणूस आणि बेकार माणूस यांच्यात इतक्या सहज मैत्री होते हे मला माहीत नव्हतं.

काळजी करायचा माझा एक वेळ ठरलेला होता. सकाळी चहा झाला की लॅपटॉप उघडून भवितव्याचा विचार करायला बसायचं. विचार जरा कुठे रंगात येतो, घराचे हप्ते, मुलाची फी, आपलं वय अशी ओळीने मांडणी होते, तोच दूध वर यायला लागायचं. भवितव्य थांबतं, दूध थांबत नाही. ते उतरवून परत येईपर्यंत काळजीचा धागा सुटलेला असायचा, आणि तो पहिल्यापासून जुळवायचा तर कोथिंबीर निवडायची राहिलेली असायची.

शिवाय ओट्यावरच्या संकटांना उत्तर असतं आणि ते दोन मिनिटांत कळतं. आमटी आंबट झाली, गूळ घाल. वरण पातळ झालं, आटव. कणीक सैल झाली, पीठ घाल. पीठ जास्त झालं, पाणी घाल. (अशाने आमच्याकडे एकदा रात्रीपर्यंत पुरतील इतक्या पोळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी करून पाहता आली.) याउलट 'तुमचा बायोडेटा आम्ही जपून ठेवला आहे' या वाक्यात काय घातलं म्हणजे ते सुधारेल, हे आईलाही सांगता येत नाही.

पिठल्यासारखी गोष्ट तर दुनियेत नाही. फोडणीत पाणी घालून आधण आलं की एका हाताने पीठ सोडायचं आणि दुसऱ्या हाताने घोटत राहायचं. हात थांबला की गुठळी. त्या पाच मिनिटांत मेल बघता येत नाही, फोन घेता येत नाही, बँकेतली शिल्लक मनातल्या मनात मोजता येत नाही. मला डॉक्टरांनी झोपेसाठी एक गोळी लिहून दिली होती. तिच्यापेक्षा हरभऱ्याचं पीठ स्वस्त पडलं.

मुलाखती मात्र लोक नेमक्या अकराला ठेवतात. एका ऑनलाइन मुलाखतीत अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली विजार आणि मागे लावलेला कुकर असा मी बसलो होतो. पलीकडची मुलगी वयाने माझ्या भाचीएवढी. तिने अगदी गंभीरपणे विचारलं, "गेल्या काही महिन्यांत तुम्ही नवीन काय आत्मसात केलंत?"

त्याच क्षणी शिट्टी झाली. सवयीने मी "आपली!" म्हणून ओरडलो.

ती दचकली. मी सावरून म्हणालो, "स्टेकहोल्डर मॅनेजमेंट." आतून आईचा आवाज आला, "अजून अडीच राहिल्यात!" ती नोकरी मला मिळाली नाही, पण फोन ठेवताना त्या मुलीने हळूच विचारलं, की हॉस्टेलवर इंडक्शनवर वरण-भात कसा लावायचा. मी दहा मिनिटं समजावून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मुलाखतीत सगळ्या प्रश्नांची उत्तरं आली.

आईपुढे कुरकुर करायची सोय नाही, कारण तिच्याकडे मिलो आहे. तिचं माहेर सोलापूरकडचं. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. तिच्या वर्णनानुसार ती ज्वारीची दूरची, बिघडलेली नातेवाईक. दुष्काळी कामांवर सुकडी वाटायचे. मी "कंटाळा आला" म्हटलं की आई छताकडे बघत एवढंच म्हणते, "आम्ही मिलो खाल्लाय." भाजीला चव नाही? मिलो. पुन्हा दुधीच? मिलो. नोकरी? त्यावर तर "मिलो" म्हणायचीही तिला गरज वाटत नाही, ती नुसती कूस बदलते. हल्ली माझा मुलगा मोबाइलचं नेट संपलं म्हणाला की मीच "मिलो" म्हणतो. त्याला ते अ‍ॅपचं नाव वाटतं.

तशी प्रत्येक पडत्या काळाची आपली पानं वाढलेलीच आहेत. तापात गुरगुट्या भात, वर तूप आणि मेतकूट. कोकणात पेज. ऑपरेशननंतर मुगाची खिचडी. या खिचडीचं मला हसू येतं. ४ नोव्हेंबर २०१७ला दिल्लीत तिची ९१८ किलोची एकच कढई करून गिनेस बुकात नाव घातलं. जी चीज आपण टोपण न वाजवता, 'आज काही केलं नाही, खिचडीच टाकली' असं ओशाळून सांगतो, तिचा असा जाहीर सत्कार! आणि लोकांचे हाल दिसले की सरकारलाही स्वयंपाकघरच आठवतं. १९९५मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, २६ जानेवारी २०२०ला दहा रुपयांत शिवभोजन थाळी. मधली सरकारं कुठली नि कुठल्या पक्षांची हे बाजूला ठेवू. पिठाच्या डब्यापाशी आलं की त्यांचंही एकमत होतं.

दसऱ्याच्या आसपास आई वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायला लागली. आनंदाची गोष्ट. पण आली ती थेट मिसळणाच्या डब्यापाशी. मी हळद मधल्या वाटीत ठेवली होती. ती तिने काहीही न बोलता कडेला नेली आणि मधे मोहरी आणली. मी दुपारी ती परत बदलली. संध्याकाळी मोहरी पुन्हा मधे. यावर आमच्यात आजतागायत चर्चा झालेली नाही. बायकोने एकदा दोघांकडे बघितलं आणि डबा उघडायचंच सोडून दिलं.

आणि मग वरच्या मजल्यावरचे आजोबा गेले. झोपेतच गेले, पहाटे. त्या दिवशी अकराला डक्ट गप्प होता.

मला कळल्यावर मी आईकडे आलो. तिने विचारलंच नाही. "पिठलं टाक," म्हणाली.

ज्या घरातून माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. जेवण शेजारच्यांनी न्यायचं, आणि न्यायचं ते पिठलं-भात. यामागे शास्त्र शोधणाऱ्यांनी शोधावं. मला दिसतं ते एवढंच की पिठल्याला चिरायला काही लागत नाही, पीठ कुठल्याही घरात असतंच, आणि पिठल्याला मेजवानी म्हणून कुणी चुकूनही बोलावत नाही. त्यामुळे जेवणाऱ्यालाही अवघडायला होत नाही. मी मुकाट्याने घोटलं. स्टीलचे डबे सगळे फिरतीवर होते, म्हणून कुठल्याशा ऑनलाइन खरेदीवर फुकट आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरलं आणि वर गेलो.

आजोबांच्या ओट्यावर माझ्याआधी पाच पिठली येऊन बसली होती. कोल्हापूरकडच्या बिऱ्हाडाचं लसणाचं, लालभडक. एक ताकातलं. एक कांदा घातलेलं घट्ट, म्हणजे जवळजवळ झुणकाच. मालवणकरांचं कुळथाचं. आणि एक पातळसर पिवळंधमक, फार नेटकं. दिवसभर धावपळ करून आजोबांचा मुलगा आणि नातवंडं स्मशानातून आली, अंघोळी झाल्या, पानं मांडली. आधी कुणी बोलेना. मग नातवाने खालच्या आवाजात लसणाचं आणखी मागितलं. मग मुलाने. आणि भिंतीला टेकून बसलेल्या आजी, ज्यांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, त्यांना सुनेने बळेबळे घास भरवला, त्या पिवळ्याधमक पातळ पिठल्याचा. आजींनी तो तोंडात घोळवला. सगळे श्वास धरून बघत होते.

"हे जमलंय," आजी म्हणाल्या. "कुणाचं आहे?"

सुनेने डबा उचलून फिरवला आणि कोरलेलं वाचलं. आधी माझं नाव, त्यापुढे 'मुंज १९८४'.

सगळ्या खोलीने माझ्याकडे बघितलं. तो डबा आमचाच होता. महिन्यापूर्वी त्यात वाटली डाळ भरून मी समोरच्या काकूंकडे दिला होता. आज काकू त्याच डब्यात पिठलं घालून घेऊन आल्या होत्या. त्या दारातच उभ्या होत्या, पदराला हात पुसत. आमची नजरानजर झाली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. शोकाच्या घरात 'ते माझं आहे' असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

"आईला सांग तुझ्या," आजी मला म्हणाल्या, "पडून असली तरी हात गेलेला नाही तिचा." आणि त्यांनी दुसरा घास घेतला.

खाली येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने दोनदा सांगायला लावलं, आजींचं वाक्य तिसऱ्यांदा.

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? गप्प बसलो."

"बरं केलंस. अशा घरी वाद घालू नये." वॉकर ओढून घेत ती थोडा वेळ नुसती बसली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "ती त्यात ओवा घालते का रे? विचार तिला केव्हातरी. माझं नाव नको सांगूस."